शिखर, अनुज्ञा आणि नकार : शेर्पा आत्मकथनांचे एक वाचन

हिमालयीन गिर्यारोहणाच्या वाङ्मयाने विसाव्या शतकात एक स्थिर कथाबंध सिद्ध केला. तयारी, प्रवास, तळछावणी, अडथळे, शेवटची चढाई, शिखर आणि परतीचा प्रवास असा त्याचा क्रम असतो. मोहीम, चढाई, तळ, विजय ही त्याची परिभाषा लष्करी आहे आणि ती मराठीनेही फारसा विचार न करता स्वीकारली आहे. या कथाबंधात निवेदकाचा ‘मी’ शिखरावर पूर्णत्वाला जातो. शेर्पा या कथेत प्रथमपासून आहे, परंतु तो व्लादिमीर प्रॉपने लोककथांच्या संदर्भात वर्णिलेल्या ‘साहाय्यका’च्या भूमिकेत आहे. नायकाला इष्ट स्थळी पोचविणे हे त्याचे कार्य. ते संपले की तो कृतज्ञतेच्या परिच्छेदात विलीन होतो.

हा साहाय्यकच निवेदक झाला तर काय घडते? ‘त्याच घटनेची दुसरी बाजू कळते’ हे या प्रश्नाचे रूढ उत्तर होय. ते चुकीचे नाही, मात्र अपुरे आहे. बाजू बदलल्याने कथाबंध बदलतोच असे नाही. जेत्याच्या जागी दुसरा जेता उभा करूनही तो अबाधित राहू शकतो. शेर्पा आत्मकथने बारकाईने वाचली असता असे दिसते की, त्यांच्यात बदललेली गोष्ट अधिक मूलभूत आहे. ‘चढणे’ हे तेथे केंद्रवर्ती क्रियापद उरत नाही. अनुज्ञा मागणे, ती मिळणे, न मिळणे आणि प्रसंगी स्वतःच नकार देणे या क्रियांभोवती ही आत्मकथने रचली जातात.

‘शेर्पा’ या शब्दाचाच या संदर्भात प्रथम विचार करावा लागतो. ‘शर’ म्हणजे पूर्व आणि ‘पा’ म्हणजे तेथील लोक. तिबेटच्या पूर्व भागातून नेपाळच्या सोलू-खुंबू प्रदेशात आलेल्या समाजाचे हे नाव. मोहिमांनी ते व्यवसायनाम केले. परिणामी, ‘शेर्पाचे आत्मकथन’ म्हणताना एका समाजाचा आवाज अभिप्रेत आहे की एका श्रमिकवर्गाचा, हा गोंधळ शीर्षकापासूनच सुरू होतो. ‘सरदार’ हा शब्द तर मराठी वाचकाची विशेष फसगत करणारा आहे. मोहिमेतील सरदाराला ना जहागीर ना शिबंदी; मराठीत ज्याला मुकादम म्हणतात तो हा. शेर्पांच्या वाट्याला आलेला सन्मान आणि त्यांच्या वाट्याला आलेले काम यांतील अंतर या एका शब्दात मावते.

दुसरा प्रश्न कर्तृत्वाचा आहे. तेनझिंग नोर्गे यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांचे आत्मकथन जेम्स रॅम्झी उल्मन या अमेरिकन लेखकाने शब्दबद्ध केले आणि या कामी दार्जिलिंगचे रवींद्रनाथ मित्र यांचे साहाय्य झाले. १९५५ साली ते ब्रिटनमध्ये ‘मॅन ऑफ एव्हरेस्ट’ आणि अमेरिकेत ‘टायगर ऑफ द स्नोज’ या नावाने प्रसिद्ध झाले. एकाच जीवनाचे एका बाजारपेठेसाठी ‘माणूस’ आणि दुसरीसाठी ‘वाघ’ असे नामकरण व्हावे, हे बोलके आहे. आंग थार्के यांचे कथन बेसिल नॉर्टन यांनी टिपले. ते १९५४ मध्ये फ्रेंचमधून आले आणि इंग्रजी वाचकाच्या हाती पुस्तकरूपाने पडण्यास २०१६ साल उजाडले. बोलणारा एक आणि लिहिणारा दुसरा, ही स्थिती मराठी अभ्यासकाला अपरिचित नाही. ‘लीळाचरित्रा’त चक्रधरांचे शब्द कोठे संपतात आणि म्हाइंभटांची जुळणी कोठे सुरू होते, या प्रश्नाशी तो पूर्वीच झुंजलेला आहे. फरक इतकाच की, म्हाइंभट श्रद्धावान होते आणि उल्मन व्यावसायिक. तरीही संहितेत निवेदन कोठे रेंगाळते आणि कोठे घाई करते हे तपासता येते, आणि तेनझिंग यांच्या पुस्तकात हा तपास फलदायी ठरतो.

२९ मे १९५३ रोजी शिखरावर प्रथम पाऊल कोणाचे पडले, या प्रश्नाने तेनझिंग यांना छळले. नेपाळ व भारत या दोन्ही देशांतील राष्ट्राभिमानाला त्यांचे पाऊल पहिले हवे होते. काठमांडूत दोघांनी ‘जवळजवळ एकाच वेळी’ पोचल्याचे निवेदन दिले होते. पुस्तकात तेनझिंग स्पष्ट सांगतात की, पुढे हिलरी होते आणि मागून ते स्वतः पोचले. एवढ्या गाजलेल्या प्रश्नाचे उत्तर ते मोजक्या शब्दांत उरकतात. निवेदन रेंगाळते ते नंतर, बर्फात ठेवलेल्या वस्तूंपाशी : थोडी मिठाई आणि धाकट्या मुलीने दिलेली पेन्सिल. विजयकथेच्या दृष्टीने हा तपशील गौण, हृदयस्पर्शी म्हणून सोडून देण्याजोगा आहे. अर्पणाच्या कथेत मात्र तोच मुख्य प्रसंग ठरतो. जेथे अनुज्ञेने आलो तेथे काही ठेवल्यावाचून परतायचे नसते. शिखरावर हिलरींचे छायाचित्र का नाही, याविषयी दोघांची निवेदने जुळत नाहीत. तेनझिंग यांना कॅमेरा वापरता येत नसावा आणि शिकविण्याची ती जागा नव्हे, असे हिलरींचे म्हणणे. आपण छायाचित्र घेण्याची तयारी दाखविली होती, हिलरींनीच मानेने नकार दिला, असे तेनझिंग यांचे. यांपैकी कोणते खरे हे ठरविणे समीक्षेचे काम नव्हे. एका निवेदनात शेर्पा अकुशल आहे आणि दुसऱ्यात साहेब नकार देणारा आहे, हे नोंदविणे मात्र तिचे काम आहे.

वारशाचा प्रश्नही नावापासूनच सुरू होतो. तेनझिंग यांचे मूळ नाव नामग्याल वांगदी. रोंगबुकच्या लामांच्या सांगण्यावरून ते बदलले गेले. नव्या नावाचा आशय ‘धर्माचा भाग्यवान, संपन्न अनुयायी’ असा सांगितला जातो. आत्मकथनात ते स्वतःला सोलू-खुंबूचे म्हणवितात. पुत्र जामलिंग यांच्या पुस्तकासह नंतरच्या अनेक निवेदनांत त्यांचा जन्म तिबेटमधील कामा खोऱ्यात झाल्याचे येते. पित्याने झाकलेले पुत्राने उघड केले, असा याचा सनसनाटी अर्थ लावण्याचे कारण नाही. १९५० च्या दशकात तिबेट, नेपाळ आणि भारत यांच्यामध्ये उभ्या असलेल्या माणसाला जन्मस्थान ही निवड करण्याची गोष्ट होती. २००१ साली पुत्राला ती स्मरणाची गोष्ट करता आली.

जामलिंग तेनझिंग नोर्गे यांचे ‘टचिंग माय फादर्स सोल’ (२००१) हे ब्रॉटन कोबर्न यांच्या सहलेखनातून आलेले पुस्तक या दृष्टीने सर्वांत गुंतागुंतीचे आहे. डेव्हिड ब्रीशर्स यांच्या आयमॅक्स चित्रपटाच्या चमूबरोबर जामलिंग यांनी २३ मे १९९६ रोजी शिखर गाठले. त्याच हंगामात, १० आणि ११ मेच्या वादळात, पर्वतावर आठ जणांचा मृत्यू झाला होता. मात्र पुस्तकातील खरा संघर्ष वादळाशी नाही. तो एका जुन्या नकाराशी आहे. विद्यार्थिदशेत जामलिंग यांनी एव्हरेस्ट-मोहिमेसाठी पित्याची परवानगी मागितली होती आणि ती मिळाली नव्हती. मुलांना चढावे लागू नये म्हणूनच आपण चढलो, ही पित्याची भूमिका. १९८६ मध्ये तेनझिंग निवर्तले, आणि नकार मागे घेण्याची शक्यताही त्यांच्याबरोबर गेली. वारसा म्हणून शिखर हवे असलेल्या पुत्राला प्रत्यक्षात वारशात मिळाली आहे ती शिखरापासूनची सुटका. पित्याच्या पावलावर पाऊल टाकणे म्हणजेच पित्याची इच्छा मोडणे, हा पेच पुस्तकाला गती देतो. शिखरावर आईवडिलांचे छायाचित्र आणि आपल्या लहानग्या मुलीचे खेळणे ठेवताना जामलिंग पित्याच्या पेन्सिलीचीच पुनरावृत्ती करतात. ती पुनरावृत्ती म्हणजे अनुज्ञा मागण्याची उशिरा सापडलेली रीत आहे.

म्हणूनच या कथनात अनुज्ञेच्या पायऱ्या इतक्या तपशिलाने येतात. निघण्यापूर्वी रिंपोछेंकडून कौल घेतला जातो आणि तो प्रतिकूल निघतो. मग दुसऱ्या रिंपोछेंकडे जावे लागते. पत्नीची संमतीही त्या कौलावर अवलंबून आहे. चोमोलुंग्मावर निवास करणारी मियोलांगसांगमा ही पाच भगिनीदेवतांपैकी एक, वाघिणीवर आरूढ झालेली, अन्न आणि समृद्धी देणारी. तळछावणीवर लाप्सो उभारून, धूप जाळून तिचा प्रसाद मागितल्याखेरीज हिमप्रपातात पाऊल टाकले जात नाही. जामलिंग अमेरिकेत शिकलेले आहेत. या साऱ्याकडे ते प्रथम काहीशा संशयाने पाहतात, आणि त्यांची श्रद्धा प्रतिकूल कौलाच्या छायेत, मृत्यू जवळून पाहताना परतते. हा संशय संहितेचे सामर्थ्य आहे. जेथे तो जागा आहे तेथे वाक्य आखूड, अस्वस्थ आणि खरे होते. जेथे तो मावळतो आणि निवेदक पाश्चात्त्य वाचकाला बौद्ध संकल्पना समजावून देऊ लागतो, तेथे पुस्तक परिचयपुस्तिकेच्या पातळीवर उतरते. दलाई लामांचा पुरस्कार आणि त्याच हंगामावरील ‘इन्टू थिन एअर’चे लेखक जॉन क्राकौर यांची प्रस्तावना ही दोन प्रमाणपत्रेही हेच सांगतात : एकाने श्रद्धेची हमी द्यावी आणि दुसऱ्याने बाजाराची.

येथे एक धोका संभवतो. शेर्पांचे वर्तन ‘श्रद्धे’ने समजावून सांगणे ही मोहिमांच्या वाङ्मयाची जुनी सवय आहे. आनंदी, निष्ठावान, नियतीवादी शेर्पा ही प्रतिमा कशी घडली याची चिकित्सा शेरी ऑर्टनर यांनी ‘लाइफ अँड डेथ ऑन माउंट एव्हरेस्ट’ (१९९९) मध्ये केली आहे. खुद्द धर्मही तेथे अचल नव्हता. तेंगबोचेचा विहार १९१६ मध्ये स्थापन झाला, म्हणजे विहारकेंद्री बौद्धधर्म आणि गिर्यारोहण खुंबूत एका पिढीच्या अंतराने रुजले. १९५० मध्ये अन्नपूर्णेवर मॉरिस एर्झोग यांनी सरदार आंग थार्के यांना शिखरापर्यंत येण्याचे निमंत्रण दिले. पाय गोठू लागल्याचे सांगून थार्के यांनी ते नम्रपणे नाकारले, असे एर्झोग यांच्याच पुस्तकात येते. विजयकथेला हा नकार कळत नाही. तिच्या लेखी शिखर नाकारणे म्हणजे महत्त्वाकांक्षेचा अभाव. परंतु एर्झोग शिखरावरून परतले ते हातापायांची बोटे गमावून. चालता येणे हेच ज्याचे उपजीविकेचे साधन, त्याने स्वतःचे पाय सांभाळले यात समजण्यास कठीण असे काही नाही. श्रद्धा आणि हिशेब या दोन भिन्न भाषा आहेत, हा वाचकाचा समज. बोलणाऱ्याला तसा भेद करण्याची गरज भासलेली नसते.

१८ एप्रिल २०१४ रोजी खुंबू हिमप्रपातात हिमखंड कोसळून सोळा नेपाळी कामगार मृत्युमुखी पडले. सरकारने प्रथम जाहीर केलेली तातडीची मदत प्रत्येक कुटुंबामागे चाळीस हजार नेपाळी रुपये इतकी होती. त्यानंतर शेर्पांनी त्या हंगामात पुढे चढण्यास नकार दिला. मृतांचा मान राखणे, पर्वताचा कोप ओळखणे आणि विमा व भरपाईच्या मागण्या मांडणे या गोष्टी त्यांच्या तोंडी एकत्रच आल्या. जेनिफर पीडम यांच्या ‘शेर्पा’ (२०१५) या माहितीपटात एक ग्राहक, शेर्पांच्या ‘मालकां’शी बोलता येईल काय, असे विचारतो. साहाय्यक नकार देऊ शकतो हे त्याच्या कथेत लिहिलेलेच नाही. म्हणून नकाराचा कर्ता तो अन्यत्र शोधतो.

याच माहितीपटातील फुरबा ताशी एकवीस वेळा शिखरावर गेलेले. आणखी एका चढाईने विक्रम झाला असता. घरी पत्नी आणि आई यांचा विरोध आहे. जामलिंग यांच्या घरी आणि या घरी अनुज्ञेचा प्रश्न शब्दशः एकच आहे, मात्र त्याचे मोल सारखे नाही. जामलिंग यांना पित्याने दिलेला नकार ही शिक्षणाच्या आणि कीर्तीच्या आधारावर उभी राहिलेली सवलत होती. ती मोडणे त्यांना परवडले. फुरबा ताशी यांच्या घरात नकाराची किंमत एका हंगामाच्या मिळकतीने मोजावी लागते. देवीची अनुज्ञा धूपाने मिळते आणि राज्याचा परवाना परदेशी ग्राहक पैसे भरून घेतो. या दोहोंच्या मधल्या घरगुती संमतीला आजवरच्या शेर्पा आत्मकथनांनी पुरेशी जागा दिलेली नाही. ही संमती देणारी अगर रोखून धरणारी व्यक्ती बहुधा स्त्री असते. या पुस्तकांत ती निवेदकाच्या आठवणीत बोलते, माहितीपटात स्वयंपाकघराच्या उजेडात थोडी बोलते, आणि मग कॅमेरा पुन्हा पर्वताकडे वळतो.