राष्ट्राध्यक्षांचें दफ्तर कोणाचें? : अमेरिकेच्या दोन कायद्यांचें परीक्षण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत राष्ट्राध्यक्षाच्या सत्तेस आळा घालण्याचे जे यत्न तेथील काँग्रेसनें, म्हणजे विधिमंडळानें, केले, त्यांत युद्धाधिकाराविषयींचा १९७३ चा ठराव सर्वपरिचित आहे. दफ्तराविषयींचे १९७४ व १९७८ चे दोन कायदे तितके परिचित नाहींत. परंतु जुन्या कागदांचा शोध व संग्रह करणारांस त्यांचें महत्त्व अधिक वाटावें. सत्ताधीशाचा कागद घराण्याचा कीं राज्याचा, हा त्यांतील मूळ वाद होय. तो या कायद्यांनीं पुरता मिटला, हें मत आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं.

पूर्वीचा रिवाज असा होता कीं, पद सोडतांना अध्यक्षानें आपले कागद घरीं न्यावे. वॉशिंग्टनचे कागद त्याचा पुतण्या बुशरॉड याजकडे गेले व पुढें संपादनार्थ जॅरेड स्पार्क्स याच्या हातीं पडले. वॉशिंग्टननें पदग्रहणासाठीं स्वहस्तें लिहिलेला, पण न वाचलेला, एक दीर्घ मसुदा त्यांत होता. स्पार्क्सनें त्याचीं पानें सुटीं केलीं, कांहीं कापलीं, आणि हस्ताक्षरांच्या हौशी संग्राहकांस वांटलीं! १८३४ सालीं सरकारनें वॉशिंग्टनचे कागद वारसांकडून २५,००० डॉलरांस घेतले. म्हणजे राज्याचा कागद राज्यासच विकत घ्यावा लागला. चेस्टर आर्थर याचे बहुतेक कागद जाळले गेले. लिंकनचे कागद त्याचा पुत्र रॉबर्ट याच्या अटीमुळें पुत्राच्या मृत्यूनंतर २१ वर्षें बंद राहिले. ते १९४७ सालीं उघडले. तात्पर्य, कागदाचें भवितव्य वारसाच्या मर्जीवर अवलंबून होतें.

हा रिवाज निक्सन प्रकरणांत असह्य झाला. ऑगस्ट १९७४ मध्यें त्यानें पद सोडलें. पुढील महिन्यांतच सरकारी मालमत्तेचा व्यवस्थापक सॅम्पसन याजशीं त्यानें एक करार केला. सुमारें ४ कोटी २० लक्ष पृष्ठें व ८८० ध्वनिफिती यांचा हा प्रश्न होता. कागद कॅलिफोर्नियांत ठेवावयाचे, ते उघडण्यास दोन किल्ल्या लागाव्या व त्यांतील एक निक्सनजवळ असावी, असें ठरलें. ध्वनिफिती त्याच्या मृत्यूनंतर, अथवा १ सप्टेंबर १९८४ रोजीं, यांपैकीं जें आधीं घडेल तेव्हां नष्ट करावयाच्या होत्या. हा करार मोडण्यासाठीं काँग्रेसनें केलेल्या कायद्यावर अध्यक्ष फोर्ड यानें १९ डिसेंबर १९७४ रोजीं सही केली, आणि सर्वोच्च न्यायालयानें १९७७ सालीं ७ विरुद्ध २ मतांनीं तो उचलून धरला.

या कायद्यानें ठेवा वांचविला, हें त्याचें श्रेय निर्विवाद आहे. मात्र तो एकाच व्यक्तीपुरता होता व मालकीच्या मूळ प्रश्नास त्यानें हात घातला नाहीं. त्याची किंमतही पडली. १९९२ सालीं अपील न्यायालयानें निक्सनचा मालकीहक्क मान्य करून भरपाईचा मार्ग मोकळा केला. २००० सालीं त्याच्या वारसांच्या बाजूस १ कोटी ८० लक्ष डॉलर मिळाले. १८३४ चाच व्यवहार पुन्हा घडला.

ही उणीव १९७८ च्या कायद्यानें भरून काढली. २० जानेवारी १९८१ पासून पुढील अध्यक्षांचे पदविषयक कागद राष्ट्राच्या मालकीचे ठरले. हें कलम आमच्या मतें फार मोलाचें आहे. परंतु हाच कायदा पुढें वाचला असतां हात आंखडलेला दिसतो. कोणता कागद पदाचा व कोणता खासगी, याची विभागणी कागद तयार होतांना वा येतांना करावयाची. ती करणार अध्यक्षाचेच लोक. निरुपयोगी कागद नष्ट करण्यापूर्वीं राष्ट्रीय दफ्तरखान्याच्या मुख्य दफ्तरदाराचें मत लेखी घ्यावें लागतें. पण मत म्हणजे संमति नव्हे. त्यास फार तर काँग्रेसला सूचना देवविण्याचा अधिकार आहे व त्यानंतर ६० दिवस थांबावयाचें. नकाराधिकार दफ्तरदारास नाहीं व काँग्रेसनें स्वतःकडेही ठेवला नाहीं. १९९१ सालीं अपील न्यायालयानें अर्थ लावला तो हाच. शिवाय २००१ सालीं अध्यक्ष बुश यानें एका आज्ञेनें माजी अध्यक्षांस, व त्यांच्या पश्चात् घरच्यांसही, कागद रोखण्याची मुभा दिली. ती आज्ञा २००९ सालीं रद्द झाली. एका लेखणीनें दिलेलें दुसरीनें काढून घ्यावें, इतका हा बांध कच्चा आहे.

विधिमंडळानें अध्यक्षाच्या दफ्तरांत हात घालणें हें सत्ताविभागणीच्या तत्त्वास बाधक आहे, असा आक्षेप निक्सननेंही घेतला होता. न्यायालयानें तो फेटाळला. कारण कागद सांभाळणारे दफ्तरदार कार्यकारी शाखेंतीलच होते. मग त्याच दफ्तरदाराची संमति नाश करण्यापूर्वीं आवश्यक करण्यास, आणि आवक-जावक बारनिशीची नक्कल वेळोवेळीं त्याजकडे पोंचविण्यास, हरकत कोणती? ई-मेलच्या बाबतींत अशी सुधारणा २०१४ सालीं झालीही: खासगी खात्यावरून पाठविलेल्या पदविषयक पत्राची नक्कल २० दिवसांत सरकारी खात्यावर गेली पाहिजे.

मालकी व ताबा यांतील अंतर आमच्या वाचकांस सांगावयास नको. दफ्तराचा धनी कोण यापेक्षां रुमाल प्रथम कोणी सोडला, यावरच पुष्कळदां इतिहास ठरतो. अमेरिकेच्या काँग्रेसनें धनी बदलला. रुमाल सोडणारा हात मात्र पूर्वींचाच ठेवला. या कायद्यांची योग्यता ठरवितांना हीं दोन्ही कलमें समोर ठेवलीं पाहिजेत.