‘द इनोसंट्स’ (१९६१) : नकारही पुरावा ठरतो तेव्हा

जॅक क्लेटन दिग्दर्शित ‘द इनोसंट्स’ हा कृष्णधवल ब्रिटिश चित्रपट पाहिल्यावर वर्गात पहिला प्रश्न ठरलेला असतो : भुते खरी होती की त्या बाईच्या मनातली? प्रश्न रास्त आहे, पण तो जरा बाजूला ठेवा. त्याआधी एक साधी गोष्ट तपासा. भूत दिसते त्या प्रत्येक ठिकाणी पडद्यावर आधी काय येते आणि नंतर काय?

कथा थोडक्यात अशी. व्हिक्टोरियन काळातील इंग्लंड. लंडनमधल्या एका श्रीमंत, बेफिकीर गृहस्थाच्या गळ्यात भाऊ-बहीण असलेली दोन पोरकी मुले पडली आहेत. ‘ब्लाय’ नावाच्या खेड्यातल्या वाड्यावर त्यांना सांभाळायला आणि शिकवायला तो मिस गिडन्स या अननुभवी बाईंना नेमतो. अट एकच, काहीही झाले तरी मला त्रास द्यायचा नाही. मुलगी फ्लोरा तिथेच आहे. मुलगा माइल्स शाळेतून काढून टाकला गेल्यामुळे लवकरच घरी येतो. मग बाईंना एक पुरुष आणि एक स्त्री दिसू लागतात. पुरुष म्हणजे पूर्वीचा नोकर पीटर क्विंट, स्त्री म्हणजे आधीची शिक्षिका मिस जेसल. दोघेही मेलेले आहेत. ते मुलांच्या देहात शिरून पुन्हा एकत्र येऊ पाहत आहेत, अशी बाईंची खात्री होते.

मूळ कथा हेन्री जेम्सची, १८९८ साली प्रसिद्ध झालेली ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ ही लघुकादंबरी. (तिच्यात मुलांचे आईवडील भारतात वारलेले आहेत, साम्राज्याची सावली त्या वाड्यावर एवढ्या एका उल्लेखापुरती पडते.) विल्यम आर्चिबाल्डने तिचे नाटक केले आणि चित्रपटाने शीर्षक त्या नाटकाचे घेतले. पटकथेवर आर्चिबाल्डबरोबर ट्रुमन कपोटीचे नाव आहे. माध्यम बदलल्याने मोठी अडचण उभी राहते. लघुकादंबरीत सारे निवेदन त्या बाईंचेच आहे, म्हणून शंका घ्यायला वाचक मोकळा असतो. कॅमेऱ्याचे तसे नाही. त्याने भूत दाखवले की ते आपणही पाहिलेले असते. आपल्याच डोळ्यांवर शंका कशी घ्यायची?

क्लेटनचे उत्तर दृश्यांच्या क्रमात आहे. तळ्याकाठचा प्रसंग पाहा. फ्लोरा गुणगुणते आहे. आधी दिसतो मिस गिडन्सचा भेदरलेला चेहरा, आणि मगच दूर, लव्हाळ्यात उभी असलेली काळ्या कपड्यांतली आकृती. बहुतेक ठिकाणी हाच क्रम आहे : अगोदर प्रतिक्रिया, मागाहून तिचे कारण. म्हणजे भूत आपल्याला थेट दिसत नाही. भीती दिसते आणि त्या भीतीने दाखवलेले भूत दिसते. एरवी भयपटात उलटे असते. पात्र बेसावध आणि प्रेक्षक सावध, म्हणून आपण खुर्चीत ताठ होतो. इथे पात्र आपल्यापुढे एक पाऊल आहे.

पटकथेने केलेला एक बदल तर फार हुशारीचा आहे. लघुकादंबरीत बाई अनोळखी पुरुषाचे वर्णन करतात आणि त्यावरून घरातली जुनी कारभारीण मिसेस ग्रोस क्विंटला ओळखते. भुतांच्या बाजूचा हा सर्वांत भक्कम पुरावा, कारण बाईंनी क्विंटला कधीच पाहिलेले नसते. चित्रपटात मात्र लपंडाव खेळताना मिस गिडन्सना माळ्यावर क्विंटचे छोटे चित्र सापडते, आणि खिडकीच्या काचेपलीकडे त्याचा चेहरा त्यानंतर उमटतो. पुरावा तिथल्या तिथे पोचट होतो. चित्र पाहिल्यामुळे चेहरा दिसला, असेही आता म्हणता येते. तरी मनोऱ्यावरची आकृती त्याआधीच दिसलेली असते, हे विसरू नका. एक दार लावताना दुसरे उघडे ठेवायचे, हीच या पटकथेची रीत आहे.

नटांची निवडही याच हिशेबात बसते. डेबोरा कर त्या वेळच्या प्रेक्षकांना ‘द किंग अँड आय’मधली (१९५६) प्रेमळ, खंबीर शिक्षिका म्हणून ठाऊक होती. अशा बाईवर आपण विश्वास टाकतोच. उलट माइल्स झालेला मार्टिन स्टीफन्स नुकताच ‘व्हिलेज ऑफ द डॅम्ड’मध्ये (१९६०) थंड डोळ्यांचा अमानवी मुलगा म्हणून दिसला होता. एकीवर भरवसा, दुसऱ्यावर संशय. चित्रपट सुरू होण्यापूर्वीच आपला कौल निम्मा लागलेला. आज हे संदर्भ माहीत नसले तरी मुलाचे ते अतिसभ्य, प्रौढ बोलणे तेच काम करते.

छायाचित्रणाबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे. निर्मिती ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सची, त्यामुळे सिनेमास्कोपचा आडवा, रुंद पडदा वापरणे भाग होते. दोन-तीन माणसांच्या कोंडलेल्या गोष्टीला तो आकार गैरसोयीचा. छायाचित्रकार फ्रेडी फ्रान्सिस याने फिल्टरच्या कडा रंगवून घेतल्या, म्हणजे चौकटीच्या बाजू काळोखात बुडतील आणि उजेड मधोमध राहील. रुंदी तशीच राहिली, पण ती अंधाराने भरली. तुमची नजर आपोआप त्या काळ्या कडांकडे जाते, तिथे काहीतरी हलेल म्हणून. बहुतेकदा काहीच हलत नाही, आणि वाट पाहण्याचे काम तुम्हीच करत राहता. जिम क्लार्कच्या संकलनात एक दृश्य विरघळत असताना दुसरे त्यावर बराच वेळ रेंगाळते. चेहऱ्यावर बाग, बागेवर पाणी. कोणत्या क्षणी बाहेरचे जग संपले आणि मिस गिडन्सचे मन सुरू झाले, याची रेघ काढता येत नाही.

आवाजाकडे दुर्लक्ष करू नका. सुरुवातीला काळ्या पडद्यावर फक्त एका मुलीचे गाणे ऐकू येते. पुढे बागेत पांढरे गुलाब कापताना सभोवतालचे आवाज एकाएकी थांबतात आणि मग मनोऱ्यावर कुणीतरी उभे दिसते. माझ्या मते चित्रपटातली सर्वांत भीतिदायक गोष्ट ही शांतताच. रात्री मेणबत्त्या घेऊन बाई वाड्यात फिरतात तेव्हा कुजबुज आणि हसण्याचा जो गलका ऐकवला आहे तो त्यामानाने ढोबळ वाटतो. तिथे दिग्दर्शकाचा प्रेक्षकावरचा विश्वास थोडा डळमळला असावा.

आता पुराव्यांचे दोन अवघड तुकडे. अभ्यासिकेत मिस जेसल मेजाशी बसून रडताना दिसते आणि नाहीशी होते. मिस गिडन्स जवळ जातात. पाटीवर अश्रूचा ओला थेंब आहे आणि त्या तो बोटाने टिपतात. मनाच्या खेळाला ओल कशी येईल? पण तिथे दुसरे कुणीही नाही. दुसरा तुकडा शेवटाजवळचा. तिथे कॅमेरा बाईंची जागा सोडतो आणि उंचावरून, क्विंटच्या बाजूने खाली पाहतो. इतका वेळ पाळलेली शिस्त इथे मोडते. काही जणांना ही कबुली वाटते, भूत खरेच होते. मला ती तेवढी निर्णायक वाटत नाही, कारण तोवर बाईंची खात्री इतकी पसरली आहे की कॅमेराही तिच्यातून सुटू शकत नाही. तुम्ही हे मान्य करायलाच हवे असे नाही. मात्र दुसरे मत मांडायचे तर ते या दृश्यावरच तपासून घ्या.

खरी धास्ती वेगळ्याच ठिकाणी आहे. फ्लोराला विचारले जाते, तुला ती दिसते ना? ती नाही म्हणते. या नाहीचा अर्थ बाई असा लावतात की मुलगी लपवते आहे. हो म्हटले असते तर सिद्ध, नाही म्हटले तरी सिद्ध. फ्लोरा किंचाळत सुटते, तर त्या किंचाळण्यातही बाईंना दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज ऐकू येतो. माइल्सच्या उशीखाली मान मोडलेले कबूतर सापडते. दहा-अकरा वर्षांच्या, आईवडील नसलेल्या, शाळेने हाकललेल्या मुलाबाबत याचे अनेक अर्थ निघू शकतात, पण इथे एकच उरतो. आणि हे सारे प्रेमापोटी चालले आहे. श्रेयनामावलीच्या वेळी दिसणारे ते प्रार्थनेत जुळलेले हात आठवा. मुलांना वाचवायचे आहे, इतकेच त्या पुटपुटत असतात. मिसेस ग्रोसला काहीच दिसत नाही, पण ती नोकर आहे. तिचे न दिसणे साक्ष म्हणून मोजले जात नाही. मालक लंडनमध्ये आहे आणि त्याने त्रास नको असे सांगून ठेवले आहे.

म्हणून शेवट पाहताना भुतावर नजर ठेवू नका, मुलावर ठेवा. बाईंनी सगळ्यांना वाड्याबाहेर पाठवले आहे. रात्रीच्या बागेत पुतळ्यांच्या मधोमध त्या माइल्सकडून एक नाव वदवून घेतात. नाव उच्चारले की तो सुटेल, अशी त्यांची श्रद्धा. तो क्विंटचे नाव घेतो, कोसळतो, आणि बाई त्याला कुशीत घेऊन सांगत राहतात की आता तो मोकळा झाला. मुलाचा श्वास थांबला आहे हे त्यांना काही क्षणांनी कळते. भूत असेल तर त्याने मारले. नसेल तर भीतीने मारले. दोन्ही हिशेबांत तो ज्या हातांत मेला ते हात मिस गिडन्सचेच आहेत.