परभाषिक खाद्यनामांचा उच्चार : ‘मूळ’ कोणते आणि ‘शुद्ध’ कोणते?

जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी वसलेले विघ्नहराचे ओझर हे अष्टविनायकांपैकी एक स्थान होय. या ग्रामनामातील ‘झ’ हा ‘झाड’ या शब्दातील दंततालव्य झकार आहे. ‘झिम्मा’ या शब्दातील तालव्य झकार नव्हे. रोमन लिपीत हे नाव लिहिताना झेड या अक्षराची योजना करून हा भेद कसाबसा सुचविला जातो. देवनागरीत दोन्ही झकारांना एकच चिन्ह असल्यामुळे तो मुळीच दिसत नाही. तरीही मराठी भाषकाची जीभ अडखळत नाही. उच्चार अक्षरावरून नव्हे, तर परंपरेने कानावर पडलेल्या भाषेवरून ठरतो, ही गोष्ट या एका नावाने स्पष्ट होते. परभाषेतून आलेल्या खाद्यनामांच्या उच्चाराची चर्चा करताना मात्र नेमकी हीच गोष्ट विसरली जाते.

या विषयात दोन मते वारंवार मांडली जातात. शब्द ज्या भाषेतून आला त्या भाषेतील उच्चारच शुद्ध मानावा, हे पहिले मत. परकीय शब्दच टाळून त्याच्या जागी संस्कृतोद्भव शब्द योजावा, हे दुसरे. दुसऱ्या मताचा विचार थोडक्यात आटोपता येतो. शिवनेरी ज्याचे जन्मस्थान, त्या छत्रपतीच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या ‘राजव्यवहारकोशा’त भोग्यवर्ग आणि पण्यवर्ग असे स्वतंत्र विभाग होते. विसाव्या शतकात सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीने ‘महापौर’, ‘दिनांक’ यांसारखे शब्द रूढ केले. परंतु कचेरीत आणि सभागृहात जे साधले ते स्वयंपाकघरात साधले नाही. बदाम, पिस्ता, बटाटा, पाव यांना पर्याय रुजले नाहीत, कारण आज्ञेने पत्रव्यवहार बदलतो, जेवणाच्या पंक्तीतील बोलणे बदलत नाही.

पहिले मत अधिक विद्वत्तापूर्ण भासते, म्हणून त्याची परीक्षा अधिक काटेकोरपणे करावयास हवी. फारसीतून आलेल्या नावांपासून आरंभ करणे सोयीचे आहे. माधवराव पटवर्धनांच्या १९२५ च्या ‘फार्शी-मराठी कोशा’पासून या शब्दांचा शास्त्रीय अभ्यास मराठीत सुरू आहे. फारसी ‘शर्बत’ मराठीत ‘सरबत’ झाले, ‘किश्मिश’ची ‘किसमिस’ झाली. ‘शिरा’ मात्र शकार राखून राहिला. ही मनमानी नव्हे. मराठीने आपल्या घरच्या शब्दांतही ‘शर्करा’ची ‘साखर’ केली, पण इकारापूर्वी शकार राखला. किंबहुना जेथे मुळात सकार होता तेथेही इकारापूर्वी तो शकार केला. ‘सिद्ध’पासून आलेला ‘शिधा’ हे त्याचे स्वयंपाकघरातीलच उदाहरण. ‘जर्द आलू’ म्हणजे पिवळा आलू; त्याचे ‘जर्दाळू’ होताना लकाराचा ळकार झाला आणि आरंभीचा फारसी ध्वनी दंततालव्य जकारात मिसळला. ‘बेदाना’ म्हणजे बीज नसलेला. त्याचा ‘बेदाणा’ झाला. ल-ळ आणि न-ण ही स्थित्यंतरे मराठीच्या स्वतःच्या घडणीतील आहेत. नियम सर्वत्र निरपवाद लागू पडतो, असे अर्थातच नाही. ‘शकरपारा’चे ‘शंकरपाळे’ होताना रकाराचा ळकार झाला तरी शकार टिकला. तेथे ‘शंकर’ या परिचित नामाने शब्दाला ओढून घेतले. परंतु हा अपवादही मराठीच्या मनोव्यापाराचाच साक्षी आहे, फारसीचा नव्हे.

पोर्तुगीज शब्दांची साक्ष यापेक्षा वेगळी नाही. ‘पाव’ या शब्दाच्या मूळ रूपातील अनुनासिक संयुक्त स्वर मराठीत उरला नाही. ‘कोव्ह’ या नावातील वकाराचा बकार होऊन ‘कोबी’ झाली. पोर्तुगीज ‘बतात’ यातील तकार दंत्य आहे. मराठीत दंत्य तकार असूनही शब्द ‘बटाटा’ असाच रुजला. आज ‘बटाटा’ दंत्य तकाराने उच्चारावा असे कोणी सुचविल्यास ते विनोदात जमा होईल. मूळनिष्ठेचा आग्रह जुन्या शब्दांना लागू करण्याचे धैर्य कोणास होत नाही. तो केवळ नव्या शब्दांपुरता, त्यातही बहुधा इंग्रजीतून आलेल्या शब्दांपुरता असतो. हा आग्रह ध्वनिशास्त्राचा नसून प्रतिष्ठेचा आहे, अशी शंका येथेच उत्पन्न होते.

ही शंका ‘टोमॅटो’ या शब्दाने दृढ होते. ओझरपासून जवळच असलेल्या नारायणगावच्या बाजारात या फळाची मोठी उलाढाल चालते. ग्रामीण मराठीत त्याला ‘टमाटा’, अनेकवचनी ‘टमाटे’, असे म्हणतात. सुशिक्षित वर्ग ‘टोमॅटो’ म्हणतो आणि पहिले रूप अशुद्ध ठरवितो. पण ‘मूळ’ कोणते? शब्द मेक्सिकोतील नाहुआत्ल भाषेतील ‘तोमात्ल’. स्पॅनिशने त्याचे ‘तोमाते’ केले आणि इंग्रजीने अंत्य स्वर पालटून ओकारान्त रूप घडविले. त्या इंग्रजीतही ब्रिटिश उच्चारात मधला स्वर दीर्घ ‘आ’ आहे, तर अमेरिकन उच्चारात तो ‘एइ’सारखा आहे. मराठीतील ‘ॲ’ या दोहोंतही नाही. तो रोमन अक्षर पाहून बसविलेला स्वर आहे. म्हणजे ज्या ‘टमाट्या’ला हसले जाते त्याचा मधला स्वर ब्रिटिश उच्चाराला अधिक जवळचा आहे, आणि ज्याला शुद्ध म्हणतात तो कोणत्याच मूळ उच्चाराचा नाही!

येथे एक महत्त्वाचा भेद करणे आवश्यक आहे. काही शब्द कानाने येतात, काही डोळ्याने. सरबत, जर्दाळू, पाव हे कानाने आलेले शब्द होत. त्यांतील बदल मराठीच्या ध्वनिव्यवस्थेने घडविले. अलीकडचे अनेक शब्द रोमन पाटीवरून आले. तमिळ आणि कन्नड या दोन्ही भाषांत दंत्य दकाराने म्हटला जाणारा ‘दोसा’ मराठीत ‘डोसा’ झाला. मराठीजवळ दकार नव्हता असे नव्हे, रोमन लिपीजवळ द-ड हा भेद नव्हता. ‘पिझ्झा’चे उदाहरण याहून बोलके आहे. इटालियनमधील त्याचा मधला ध्वनी ‘चूल’ या शब्दातील दंततालव्य चकाराचे द्वित्व होय. जो ध्वनी मराठी मुलाला जन्मतः लाभतो, तोच टाकून त्याने रोमन झेडच्या साक्षीने ‘झ्झ’ स्वीकारला. जुन्नर भागातील द्राक्षबागांत ‘थॉमसन सीडलेस’ हे वाण परिचित आहे. इंग्रजीत त्या विशेषनामाच्या आरंभी टकारच उच्चारतात. थकार हा वाचनाचा परिणाम. आणि ‘सीडलेस’ याचा अर्थ तोच, जो ‘बेदाणा’ याचा. एकाच बागेत एकाच अर्थाचे दोन परकीय शब्द नांदतात; एक ळकार-णकाराच्या मुशीतून निघून मराठी झाला, दुसरा अद्याप पाटीवरच आहे.

मग शब्द मराठी झाला हे ओळखावे कशावरून? उच्चाराइतकीच विश्वसनीय कसोटी विभक्तीची आहे. ‘बटाट्याची भाजी’, ‘पिझ्झ्याचा तुकडा’ येथे सामान्यरूप झाले. ‘टोमॅटोची’ येथे शब्द अविकृत, पाहुण्यासारखा उभा आहे. ‘टमाट्याची’ येथे तो घरचा झाला. या कसोटीने ग्रामीण रूप हे विकृत रूप नसून मराठीकरणाची पुढची पायरी ठरते.

यावरून वाटेल तसा उच्चार ग्राह्य, असा निष्कर्ष मात्र काढता येणार नाही. तमिळ वा कन्नड भाषकाशी त्याच्या भाषेत बोलताना दकारच उच्चारणे हा सौजन्याचा आणि ज्ञानाचा भाग आहे. अपरिचित, नुकत्याच आलेल्या शब्दाची मूळ भाषेशी तुलना करणे हेही योग्यच. दोष तेथे आहे, जेथे इंग्रजी लेखनालाच मूळ मानले जाते आणि त्या मापाने मराठी उच्चार मोजला जातो.

अभ्यासकांपुढील कार्य यातून निश्चित होते. २००९ च्या शासननिर्णयाने ‘ॲ’ला वर्णमालेत स्थान मिळाले, म्हणजे इंग्रजी स्वराची सोय झाली, दंततालव्य च-ज-झ हे मराठीचे स्वतःचे ध्वनी मात्र नित्याच्या लेखनात अद्याप चिन्हावाचून आहेत. निदान कोशांनी व्युत्पत्तीशेजारी उच्चार द्यावा, आणि तो बाजारात व शेतात ऐकून द्यावा. ओझरसारख्या गावाहून महाविद्यालयात आलेला विद्यार्थी ‘टमाटा’ म्हणतो तेव्हा त्याला हसणाऱ्यांच्या बाजूस शास्त्र उभे नाही, एवढे तरी भाषेच्या वर्गात स्पष्टपणे सांगितले गेले पाहिजे.