आतल्या आत फुलणारे झाड

पुरंदरच्या उतारांवर, सासवडच्या आसपासच्या एखाद्या अंजिराच्या बागेत शिरलो की आपली नजर आधी पानांवर खिळते. तळहाताएवढी, तीन-पाच भागांत खोल चिरलेली, वरून खरखरीत आणि खालून मऊ लवेची ही पाने. एखादे खुडून पाहावे, देठातून लगेच पांढराशुभ्र चीक ठिबकतो. वड, पिंपळ आणि उंबर यांचे हे सख्खे भावंड आहे, याची साक्ष तो चीकच देतो.

मोहर मात्र शोधून सापडत नाही. पानाच्या बगलेत थेट एक हिरवी गुंडी उगवते, आणि तिलाच आपण फळ समजून बसतो. वास्तविक ती आत वळलेली, मिटलेली पुष्पबैठक. तिच्या आतल्या भिंतीवर शेकडो सूक्ष्म फुले दाटीवाटीने, तोंडे मध्याकडे करून उभी असतात. बाहेरच्या जगाशी त्यांचा संबंध टोकाच्या डोळ्यापुरता, आणि तोही खवल्यांनी झाकलेला. स्मर्ना जातीच्या अंजिरात त्या चिंचोळ्या वाटेने परागकण घेऊन एक इवलीशी गांधीलमाशी शिरते आणि शिरता शिरता बहुधा आपले पंख गमावते. आपल्या पुणेरी अंजिराला या पाहुणीची गरजच पडत नाही. परागीभवनावाचून ते सुखाने पिकते.

आता एक पिकलेले अंजीर उभे चिरू या. जांभळट सालीच्या आत पांढुरकी कड, आणि तिच्यातून मध्याकडे झेपावणारे गुलाबी तंतू, हीच ती फुले. दाताखाली कचकचणारा प्रत्येक कण शास्त्राच्या दृष्टीने एकेक स्वतंत्र फळ. एका घासात आपण अख्खा फुलोरा चाखतो, याहून मोठी श्रीमंती कोणत्या फळात असेल?

त्याची वाढही मोठी लहरी. गुंडी भराभर मोठी होते, मग कित्येक आठवडे जणू थबकून राहते, आणि शेवटच्या थोड्या दिवसांत एकदम फुगून रंग, रस, गोडी सारे एकवटते. ही शेवटची घाई झाडावरच व्हावी लागते. कच्चे तोडलेले अंजीर घरी ठेवून त्या गोडीला पोचत नाही. पुरंदरच्या अंजिराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथल्या दोन बहारांत हिवाळ्यातल्या खट्ट्यापेक्षा उन्हाळ्याच्या तोंडी येणारा मीठा बहार मला निःसंशय उजवा वाटतो. निवडताना मान झुकलेले, हाताला मऊ लागणारे फळ घ्यावे. साल जरा तडकलेली असेल, तर अधिकच उत्तम.