संशय कोठे थांबतो? : ताराबाई शिंदे आणि पाश्चात्त्य संशयवाद

भगवान बुद्धांना संशयवादी ठरविण्याची हौस आपल्या काही अभ्यासकांत दिसते. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात संशयवादास प्रतिष्ठा आहे, तेव्हा आपल्या शास्त्यालाही त्या पंक्तीत बसवावे, असा त्यामागील भाव असावा. ती पंगत कशी आहे, हे मात्र पाहिले जात नाही.

सेक्स्टस एम्पिरिकस हा ग्रीक संशयवादाचा प्रमुख भाष्यकार. देवांच्या अस्तित्वाविषयीचा निर्णय तो स्थगित ठेवतो. व्यवहारात मात्र परंपरागत कायदे, रूढी आणि देवपूजा पाळतो. सोळाव्या शतकात माँतेन्य याने मानवी बुद्धीची दुर्बलता दाखविली. तिचा लाभ अखेर कॅथलिक श्रद्धेलाच झाला. ह्यूम पुष्कळ पुढे गेला. १७४८ मध्ये त्याने चमत्कारांची कठोर चिकित्सा केली; धर्मविषयक संवाद मात्र त्याच्या मृत्यूनंतर, १७७९ मध्ये प्रसिद्ध झाले. तथापि त्याचा मुख्य प्रश्न पुराव्याचा होता. श्रद्धेचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो, हा प्रश्न त्याच्या विवेचनाच्या केंद्रस्थानी नव्हता.

तो प्रश्न बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी विचारला. १८८१ मध्ये विजयालक्ष्मी या विधवेस अर्भकहत्येबद्दल सुरतेच्या न्यायालयाने फाशीची शिक्षा सुनावली; पुढे ती कमी झाली. त्या निमित्ताने स्त्रीजातीवर झोड उठली, आणि १८८२ मध्ये ताराबाईंची 'स्त्रीपुरुष तुलना' पुण्यात छापली गेली. पतीला देव मानावे हे शास्त्रवचन त्या तर्काच्या कसोटीवर घासत बसत नाहीत. पती देवासारखा वागतो काय, एवढेच विचारतात. सावित्री यमापाठोपाठ गेली, पण पत्नीसाठी त्या वाटेला कोणता पुरुष गेला? या साध्या प्रश्नाने जे साधते, ते प्रमाणशास्त्राच्या पुष्कळ ग्रंथांना साधलेले नाही. १८८५ मध्ये महात्मा फुले यांनी 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली, यात नवल नाही.

परंतु ताराबाईंची चिकित्सा एका ठिकाणी थबकते. शास्त्रे पुरुषांनी रचली, असे म्हणणारी ही लेखिका सृष्टिकर्त्याला मात्र गृहीत धरते. किंबहुना शास्त्रांविरुद्ध त्यालाच साक्षीला बोलावते. फुल्यांच्या निर्मिकाचीही हीच गत आहे. त्या काळी हे शस्त्र उपयोगी पडले हे मान्य करूनही ही मर्यादा नोंदविली पाहिजे.

केसमुत्ति सुत्तात कालामांची शंका भगवान योग्यच ठरवितात, पण त्यांना शंकेत ठेवीत नाहीत. लोभ, द्वेष व मोह यांतून काय निपजते, ते हितकर की अहितकर, हे त्यांच्याकडूनच वदवून घेतात. कोणतेही उत्तर न देता निसटणाऱ्यांना ब्रह्मजाल सुत्तात अमराविक्खेपिक म्हटले आहे, आणि विचिकिच्छा तर पाच नीवरणांपैकी एक. ताराबाईंची कसोटी कालामांच्या कसोटीच्या जवळची आहे. ती फक्त सृष्टिकर्त्याला लावावयाची राहिली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांचा आरंभ ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्यापासून होतो. तेथे निर्णय स्थगित ठेवलेला नाही.