दलदल राखायची ती कशासाठी?

गवताळ खारी दलदल म्हणजे डास पोसणारी पडीक जागा. भराव घालून ती 'उपयोगात' आणावी, ही समजूत आपल्याकडे आहे तशीच अमेरिकेतही होती. जॉन आणि मिल्ड्रेड टील या दांपत्याच्या 'लाइफ अँड डेथ ऑफ द सॉल्ट मार्श' (१९६९) या पुस्तकाने तिला ठाम उत्तर दिले.

पुस्तकाचे बलस्थान आहे कार्यकारणभावाची उकल. स्पार्टिना गवत खाऱ्या पाण्यात तगते कसे? जादा मीठ ते पानांवरील ग्रंथींतून बाहेर टाकते. हिरवे गवत खाणारे प्राणी थोडेच. बहुतेक गवत मरून कुजते, त्यावर जिवाणू व बुरशी वाढतात आणि त्या कणांवर खेकडे, गोगलगायी, शिंपले जगतात. वर्गात आपण बहुधा 'गवत–हरीण–वाघ' येथेच थांबतो. कुजण्यावर उभी असलेली ही अन्नसाखळीही शिकवण्याजोगी आहे.

संरक्षणाच्या युक्तिवादात मात्र एक दुवा कच्चा आहे. जॉर्जियातील सापेलो बेटावरील अभ्यासातून जॉन टील यांनी १९६२ साली मांडले, की दलदलीतील सुमारे ४५ टक्के उत्पादन ओहोटीबरोबर खाडीत जाते. हा आकडा वजाबाकीचा होता: तयार झाले त्यातून तेथेच खर्च झालेले वजा केले. बाहेर जाणारे पाणी मोजलेले नव्हते. तरीही 'दलदल राखा, मासळी मिळेल' हा मुद्दा रूढ झाला. १९८० साली स्कॉट निक्सन यांनी अनेक ठिकाणच्या मोजण्या एकत्र तपासल्या, तेव्हा सर्व दलदली सारख्या 'दात्या' नाहीत असे दिसले. काही तर बाहेरूनच घेतात.

मग न देणारी दलदल बुजवावी काय? एकाच उपयोगावर भार टाकला की तो आकडा डळमळताच सारा बचाव डळमळतो. फॉस्फेटच्या खाणीच्या प्रस्तावानंतर १९७० साली जॉर्जियाने दलदल-संरक्षणाचा कायदा केला. कोणती दलदल किती मासळी देते, यावर त्याचे संरक्षण अवलंबून नाही, हे शहाणपणाचे झाले.

आपल्या उष्ण किनाऱ्यावर अशा गवताची जागा बहुतांशी खारफुटी घेते. ठाणे खाडी २०१५ साली रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य झाली आणि २०२२ साली तिला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. आनंदाचीच गोष्ट. पण उद्या रोहित दुसरीकडे उतरले, तर तो चिखल, त्यातील किडे, खेकडे आणि गाळ धरून ठेवणारी मुळे कवडीमोल ठरतील काय? हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे जरूर ठेवावा. सोबत हेही विचारावे: 'उपयोग' म्हणजे कोणाला, आणि तो मोजला कसा? टील यांचे पुस्तक या प्रश्नापर्यंत आणून सोडते. त्यासाठी ते आजही वाचावे.