सॅम स्पेडचा पुनर्जन्म आणि न बोलणारा मुलगा

२०२४ च्या जानेवारीत अमेरिकेच्या एएमसी वाहिनीने 'मस्यू स्पेड' ही सहा भागांची मालिका दाखवायला सुरुवात केली. डॅशिएल हॅमेटच्या 'द माल्टीज फाल्कन' (१९३०) या कादंबरीतला खाजगी गुप्तहेर सॅम स्पेड तीत पुन्हा जिवंत करण्यात आला आहे. स्कॉट फ्रँक आणि टॉम फोंटाना यांनी ती लिहिली, दिग्दर्शन फ्रँक यांचे. १९४१ च्या चित्रपटात हम्फ्री बोगार्टने केलेली भूमिका इथे क्लाइव्ह ओवेन या नटाने केली आहे. माझ्या एका विद्यार्थ्याने ती मला आग्रहाने पाहायला लावली. "सर, तुम्ही नेहमी विचारता ना, गोष्ट कोणाच्या अंगणात उभी राहून सांगितली आहे? ही पाहा आणि सांगा." पाहिली. सांगतो.

दलित साहित्याच्या नियतकालिकात परदेशी गुप्तहेराचे काय काम, असे काही कार्यकर्त्यांना वाटेल. पण गुन्हा, संशयित, झडती, पुरावा आणि निकाल या पाच गोष्टींवर उभा असलेला हा एकमेव लोकप्रिय साहित्यप्रकार आहे, आणि या पाचही गोष्टींशी आपला परिचय कोणत्याही मध्यमवर्गीय वाचकापेक्षा जुना आहे. फरक एवढाच की, त्या परिचयात आपण गुप्तहेराच्या खुर्चीत कधी नव्हतो. या देशात १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले आणि तो कायदा जायला १९५२ साल उजाडावे लागले. जिथे गुन्हेगार जन्माच्या वेळीच ठरलेला असतो तिथे तपास करायचा तरी कशाचा? लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' १९८७ साली आले तेव्हा मराठी वाचकाला पोलीस चौकी पहिल्यांदा आतून, मार खाणाऱ्याच्या बाजूने दिसली. शेरलॉक होम्सवर पोसलेल्या अभिरुचीला तो धक्का होता. माझ्या लहानपणी आमच्या शेजारच्या एका गावात चोरी झाली, तेव्हा सकाळी पहिली झडती वस्तीची झाली. चोर तिसऱ्याच ठिकाणी सापडला. आमच्या घरातली उलथीपालथी केलेली भांडी आईने एकटीने पुन्हा लावली. त्या झडतीबद्दल कोणी अवाक्षरही काढले नाही, जणू ती रीतच होती.

या पार्श्वभूमीवर हॅमेटला समजून घेतले पाहिजे, कारण तो इतर गुप्तहेरकथाकारांसारखा नव्हता. शाळा त्याने लहानपणीच सोडली. १९१५ साली तो पिंकर्टन या खाजगी गुप्तहेर कंपनीत नोकरीला लागला. ही कंपनी कोणासाठी काम करी? रेल्वेमालक, खाणमालक, पोलादमालक यांच्यासाठी. १८९२ चा होमस्टेडचा संप मोडायला गेलेली माणसे याच कंपनीची. माँटानातल्या तांब्याच्या खाणीत संप चालू असताना फ्रँक लिटल या कामगार संघटकाला मारण्यासाठी आपल्याला पाच हजार डॉलर देऊ केले होते, असे हॅमेटने सांगितल्याचे लिलियन हेलमन हिने लिहून ठेवले आहे. लिटलला १९१७ साली फासावर लटकवण्यात आले. ते काम दुसऱ्यांनी केले. या अनुभवातून 'रेड हार्वेस्ट' (१९२९) ही कादंबरी आली. खाणमालकाने संप मोडण्यासाठी गुंड आणले, आणि संप मोडल्यावर गुंडांनी गावच ताब्यात घेतले, अशी ती गोष्ट. १९८२ च्या संपानंतरची गिरणगावची हकीकत ज्यांनी घरात ऐकली आहे त्यांना ती परकी वाटणार नाही.

म्हणजे हॅमेटचा गुप्तहेर कठोर का आहे? तो मद्य पितो, सिगारेट ओढतो, बायकांशी तुटक बोलतो म्हणून नव्हे. तो पगारी माणूस आहे. आपल्याला पैसे देणारा हाच बहुधा खरा गुन्हेगार आहे हे त्याला ठाऊक असते, आणि तरी महिनाअखेर खोलीचे भाडे भरायचे असते. 'माल्टीज फाल्कन'मधला स्पेड प्रत्येक भेटीत पैशांचा हिशेब करतो. शेवटी, जिच्यावर त्याचे मन बसले आहे त्या ब्रिजिड ओशॉनेसीला तो पोलिसांच्या हवाली करतो आणि लाच म्हणून मिळालेली हजाराची नोटही त्यांच्यापुढे ठेवतो. यात स्पेडला देवमाणूस बनवण्याचे कारण नाही. जोएल कैरो या पात्राची त्या पुस्तकात जी टिंगल आहे ती आज वाचताना खटकते, खटकलीच पाहिजे. पण त्या पुस्तकाला कोण कोणाचा नोकर आहे याचे भान आहे. लेखकाने ते पुढे जगूनही दाखवले. १९५१ साली नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या जामीन निधीला पैसे देणाऱ्यांची नावे सांगायला त्याने कोर्टात नकार दिला आणि क्षयाने पोखरलेल्या देहानिशी पाच महिने तुरुंग भोगला. पूर्वाश्रमीचा पिंकर्टनचा हेर, नावे सांगत नाही म्हणून आत गेला.

आता २०२४ चा स्पेड पाहा. साल १९६३. स्थळ दक्षिण फ्रान्समधले बोझूल हे देखणे गाव. स्पेडने लग्न केले, बायको वारली, आणि तिची इस्टेट व द्राक्षमळे त्याच्या नावावर आले. सकाळी तो स्वतःच्या तलावात पोहतो. फुप्फुसे खराब झाल्याने डॉक्टरने सिगारेट बंद करायला सांगितले आहे. क्लाइव्ह ओवेन उत्तम काम करतो, संवाद चुरचुरीत आहेत, दृश्ये डोळ्यांना सुखावतात. पण ज्याला कोणाचे भाडे द्यायचे नाही, कोणाकडून पगार घ्यायचा नाही, असा जमीनदार म्हणजे सॅम स्पेड नव्हे. टोपी तीच, कोट तोच, तिरकस बोलणेही तेच. काढून घेतला आहे तो त्याचा धंदा. भांडवली करमणुकीने जुन्या बंडखोराला परत आणायचे ठरवले की ती असेच करते. त्याची भूक काढते आणि त्याची ढब तेवढी ठेवते. आपल्याकडे जयंतीच्या मिरवणुकीत हे दर वर्षी घडताना आपण पाहतो. बाबासाहेबांचा कोट आणि चष्मा राहतो, अर्थशास्त्र गळून जाते.

तरीही मालिकेवरचा माझा मुख्य आक्षेप हा नाही.

मूळ कादंबरीत सगळे एका वस्तूच्या मागे असतात. काळा रंग दिलेला, आत रत्ने असल्याची ख्याती असलेला ससाण्याचा पुतळा. त्याच्यासाठी माणसे मरतात आणि हाती येतो तो शिशाचा निघतो. नव्या मालिकेत त्या पुतळ्याच्या जागी काय आहे? एक अल्जीरियन मुलगा. गावातल्या मठात तो लपवलेला आहे. सहा नन्सचा खून होतो तो त्याच्या पायी. त्याच्या अंगी अलौकिक शक्ती आहे, असे कोणी म्हणतो. मग चर्चचे लोक, वेगवेगळ्या देशांचे हेर, भाडोत्री मारेकरी असे सगळे त्याच्या मागे लागतात. १९५४ ते १९६२ अल्जीरियाने स्वातंत्र्याचे युद्ध लढले, फ्रान्सने तिथे अनन्वित छळ केला, आणि युद्ध संपल्यावर एकाच वर्षाने ही गोष्ट घडते. त्या युद्धातून परतलेल्या फ्रेंच सैनिकाची तडफड मालिका दाखवते. सैनिकाला बोलायला भरपूर वेळ दिला आहे. पण ज्याच्या देशावर ते युद्ध लादले गेले त्या मुलाच्या तोंडी लक्षात राहील असे एकही वाक्य नाही. त्याला पळवतात, लपवतात, त्याच्यावरून वाद घालतात. शिशाच्या पाखराला आवाज नसतो हे समजू शकते. जित्याजागत्या पोराला पाखराच्या जागी बसवावे आणि ते लेखकांना जाणवूही नये, याला मी वाङ्मयीन दोष म्हणणार नाही. हा दृष्टीचा दोष आहे.

आणि गंमत अशी की, हॅमेटचा खरा पुनर्जन्म फ्रान्समध्येच, त्याच काळात झाला होता. चेस्टर हाइम्स हा कृष्णवर्णीय अमेरिकन लेखक जबरी चोरीसाठी तुरुंग भोगून आलेला. लिहायलाही तो तुरुंगातच लागला. पुढे पॅरिसमध्ये असताना, हॅमेटचे फ्रेंच भाषांतर करणाऱ्या मार्सेल द्युआमेलने त्याला गुप्तहेरकथा लिहायला सांगितले. १९५७ पासून हाइम्सने हार्लेमचे दोन काळे पोलीस, कॉफिन एड आणि ग्रेव्ह डिगर जोन्स, कागदावर उभे केले, आणि १९५८ साली फ्रान्सने त्याला रहस्यकथेचा मोठा पुरस्कार दिला. स्वतःच्याच लोकांवर पहारा करायला ठेवलेली ही दोन माणसे. वरिष्ठांचा त्यांच्यावर विश्वास नाही, वस्तीचाही नाही. हॅमेटमधले पगाराचे दुखणे हाइम्सने वर्णाच्या दुखण्याला जोडले. आपल्याकडे 'दहाड' (२०२३) या हिंदी मालिकेत या वाटेवर एक पाऊल पडले. अंजली भाटी ही फौजदार बाई शेजारून गेली की तिच्याच ठाण्यातला एक कर्मचारी उदबत्ती फिरवतो. बदललेले आडनाव टाकून ती शेवटी मेघवाल हे आपले आडनाव परत घेते. मालिकेत उणिवा पुष्कळ आहेत, पण ती उदबत्ती मी विसरू शकलो नाही.

मराठीत हे का झाले नाही? माझे चुलते, आम्ही त्यांना नाना म्हणतो, गिरणीत होते. संप फसल्यावर कुडपणला परत आले ते एक पत्र्याची ट्रंक घेऊन. पोलादपूरहून घाट चढून ती डोक्यावर आणली होती. ट्रंकेत कपडे कमी आणि बाबूराव अर्नाळकर जास्त. अर्नाळकर (१९०६–१९९६), मूळचे चंद्रकांत सखाराम चव्हाण. हजारावर रहस्यकथा लिहिणारा माणूस, ज्याला विद्यापीठीय समीक्षेने दारातही उभे केले नाही. चाळीतल्या, गिरणीतल्या माणसाला वाचायची सवय कोणी लावली याचा प्रामाणिक हिशेब झाला तर त्यांचे नाव फार वर येईल. मला वाचनाचे वेड लागले ते त्याच ट्रंकेतून, हे मी कुठल्याही विद्वत्सभेत सांगायला तयार आहे. झुंजार हा नानांचा लाडका. श्रीमंत, देखणा, कायदा बाजूला सारून दुष्टांना धडा शिकवणारा. पण माझ्या हाती आलेल्या पुस्तकांत नानांसारखा माणूस मला कुठे भेटला नाही. उद्या कोणी झुंजारला पडद्यावर आणलाच, आणि आज ना उद्या आणतीलच, तर कोट आणि मोटार येईल. त्याच्या मोटारीचे दार उघडणाऱ्याचे नाव काय, हे विचारायला आपणच हजर असले पाहिजे.

गेल्या मे महिन्यात गावी गेलो तेव्हा नानांना स्पेडची सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली आणि एकच विचारले, "आनि त्या पोराला कोनी इचारलान का रे?"

एकट्या, कायद्याला न जुमानणाऱ्या नायकाचे आकर्षण मलाही आहे. पण या तालुक्यांत राहून ते तपासावे लागते. आमच्या भागात स्वतःच्या मर्जीने न्याय करणारा एकटा माणूस म्हणजे बहुतेक वेळा गावचा बडा असामी असे. आम्हाला न्याय मिळाला तो उलट्या रीतीने. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेब आणि हजारो लोक प्याले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सवर्णांनी दिवाणी दावा लावला: तळे खाजगी आहे, आणि अस्पृश्यांना तिथे येऊ न देण्याची वहिवाट अनादी आहे. दावा महाडच्या कोर्टात १९३१ ला फेटाळला गेला, अपील ठाण्याला १९३३ ला, आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने शेवटचा निकाल दिला. वहिवाट अनादी असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही. प्रतिवादी स्वतः बॅरिस्टर होते. दहा वर्षे सनावळ्या, कागद, साक्षी आणि उलटतपासण्या चालल्या. पिस्तूल नाही, अंधारी गल्ली नाही. हजारो वर्षांत बहुधा प्रथमच, पुरावा दाखवण्याची सक्ती आमच्यावर नव्हती. ती त्यांच्यावर होती. एवढा थरार मला कुठल्याही गुप्तहेरकथेत सापडलेला नाही.

पुढच्या सत्रात 'माल्टीज फाल्कन' आणि हा १९३७ चा निकाल एकापाठोपाठ वाचायचे मी मुलांशी ठरवले आहे. निकालाचे मराठी भाषांतर वर्गातच करावे लागेल. 'अनादी वहिवाट' या शब्दापासून सुरुवात करू.